बेळगाव सीमाभागातील रस्त्याकाठचे खाणे आणि गावोगावच्या यात्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याकडून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात फिरायला येणारी मंडळी सहसा "कुठे जावे आणि काय खावे" असे विचारतात. या भागापुरते बोलायचे तर "केव्हा जावे" हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. येथील चांगले खाणे बहुतांशी ऋतू, तिथी आणि वार यांना बांधलेले आहे, आणि गावोगावच्या यात्राही तशाच आहेत. त्यामुळे पुढील बऱ्याच उत्तरांत पत्त्यापेक्षा वेळच अधिक आढळेल.

वर्षातला कोणता काळ निवडावा?

एकच काळ सांगायचा असेल तर मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत उसाची गुऱ्हाळे पेटलेली असतात, जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या रानांत ज्वारी हुरड्यावर येते, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रा भरतात आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास रायबाग तालुक्यातील चिंचलीला मायाक्का देवीची मोठी यात्रा होते. हवाही फिरण्याजोगी असते.

मात्र इतर महिने रिकामे आहेत असे नाही. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर असतो आणि पुढे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. दिनदर्शिकेत हे दोन्ही वेगवेगळे छापलेले असतात, आणि सीमाभागात थोड्या अंतरावरच्या दोन गावांत रंगवलेली शिंगे आणि झुली घातलेले बैल निरनिराळ्या दिवशी पाहायला मिळतात. आषाढात बेळगाव शहरातील वडगावच्या मंगाई देवीची यात्रा मंगळवारी भरते. श्रावणात नागपंचमीला घरोघरी शेंगदाण्याचे, बेसनाचे, शेवेचे असे अनेक परींचे लाडू होतात. २३ ऑक्टोबर हा १८२४ साली राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेवर मिळवलेल्या विजयाचा दिवस असल्याने त्या सुमारास कित्तूर उत्सव होतो. ऑक्टोबरच्याच आसपास निपाणी तालुक्यात कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथाची यात्रा असते. तेथे ढोल, भंडारा आणि खोबऱ्याच्या उधळणीनंतर पहाटे होणारी भाकणूक, म्हणजे भविष्यकथन, ऐकायला कोल्हापूर भागातूनही लोक येतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गावोगावच्या लक्ष्मी यात्रांचा हंगाम असतो.

यातील बहुतेक तारखा दरवर्षी सरकतात आणि अधिक महिना आल्यास आणखी पुढे जातात. मागील वर्षीची तारीख पाहून सुटी टाकू नये.

बेळगावची शिवजयंती १९ फेब्रुवारीलाच असते का?

१९ फेब्रुवारीलाही अभिवादन होते. परंतु ज्यासाठी बेळगाव ओळखले जाते ती पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येते. फेब्रुवारीत येऊन "मिरवणूक कुठे आहे" असे विचारणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. चित्ररथांची मिरवणूक जयंतीनंतर वेगळ्या दिवशी रात्री निघते आणि पहाटेपर्यंत चालते. गल्लीगल्लीतील मंडळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर शिवचरित्रातील प्रसंग सजीव उभे करतात. यात कसलेले नट नसतात. अफझलखान आणि जिवा महाला हे त्याच गल्लीतले तरुण असतात आणि दोन चौकांच्या मधल्या वेळेत मिशी सावरत चहा पीत असतात. मिरवणुकीच्या मार्गावरील मिसळीच्या, ऑम्लेट-पावाच्या आणि चहाच्या गाड्या त्या रात्री बंद होत नाहीत. शहरात मुक्काम करायचा असेल तर खोली मिरवणुकीच्या मार्गापासून थोडी दूर घ्यावी, अन्यथा झोपेची अपेक्षा सोडावी.

गावची लक्ष्मी यात्रा म्हणजे नेमके काय, आणि बोलावणे नसताना जाता येते का?

सीमाभागातील अनेक गावांत ग्रामदेवता महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी होत नाही. ती काही वर्षांच्या, कित्येकदा बऱ्याच वर्षांच्या अंतराने होते. त्यामुळे जेव्हा होते तेव्हा गावाची घरे रंगवली जातात, गल्ल्यांवर मांडव पडतात, लेकी-सुना, जावई, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी अशी सगळी परत येतात. यात्रेआधी काही आठवडे वार पाळणूक असते. ठरलेल्या वारी शेतीची कामे बंद ठेवली जातात. मुख्य दिवशी पहाटे देवीचा विवाह होतो. नंतर भंडाऱ्याच्या उधळणीत होन्नाट खेळला जातो, म्हणजे देवीला खांद्यावर घेऊन गावभर नाचवतात. त्यानंतर रथ ओढला जातो, देवी गदगेवर (तात्पुरत्या आसनावर) विराजमान होते, पुढील दिवसांत ओटी भरण्यासाठी रांगा लागतात आणि अखेरीस देवीला गावाच्या सीमेवर पोहोचवून यात्रा संपते.

अनोळखी माणसाने जायला हरकत नाही. दर्शनाला आणि रथाला कोणीही अडवत नाही. जेवणाचे मात्र समजून घ्यावे. यात्रेतले खरे जेवण हॉटेलात मिळत नाही, ते घराघरांत असते. एकेका घरी शेकड्यांनी पाहुणे जेवतात. देवीच्या मानाच्या दिवशी पुरणपोळी किंवा गोडधोड आणि नंतरच्या ठरलेल्या दिवशी मटणाचा रस्सा, सुके, भाकरी आणि भात. ओळखीचा एक माणूस असला तरी तो "जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणून हाताला धरून नेतो आणि त्याच्या घरून निघालात की शेजारचा धरतो. ओळख नसेल तर घरात शिरू नये. पण देवळाजवळ महाप्रसाद असेल तर पंगतीत बसावे, तेथे कोणी कोणाला विचारत नाही. घरी बोलावणे आलेच तर देवीसाठी नारळ व खण आणि घरच्यांसाठी थोडा खाऊ न्यावा. पैशाचे पाकीट पुढे केल्यास यजमानाला ते आवडत नाही.

यात्रा कोणत्या वर्षी कोणत्या गावात आहे, हे बेळगावातून निघणाऱ्या मराठी दैनिकांच्या तालुका पानांवर कळते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बसस्थानकाजवळील चहाच्या टपरीवर विचारणे.

सौंदत्तीच्या यात्रेला जायचे आहे. खाण्या-राहण्याची सोय कशी करावी?

मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तिन्ही पौर्णिमांना डोंगरावर गर्दी असते. मार्गशीर्षाला कोल्हापूरकडील भाविक फार मोठ्या संख्येने येतात. या दिवसांत डोंगरावर खोली मिळण्याची आशा धरू नये. नेहमी येणारी कुटुंबे टेम्पो किंवा खास बस करून, शिधा आणि भांडी बरोबर घेऊन येतात, मोकळ्या जागेत चुली मांडतात आणि तेथेच रांधतात. देवीची परडी (टोपली) भरण्यासाठी भाकरी, वांग्याची भाजी, भात, कडबू असे पदार्थ होतात आणि मग तेच जेवण. संध्याकाळी उतारावरून पाहिले तर चुलींच्या धुरातून डोंगर अर्धाच दिसतो आणि वाऱ्याबरोबर "उदं गं आई उदं" येत राहते. डोंगरावर विकत मिळणारे खाणे साधेच आहे: मिरची भजी, चुरमुरे, चहा, जिलेबी. ज्याला नुसते देवस्थान पाहायचे आहे त्याने पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार सोडून जावे.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे. गळ्यात दर्शने (देवीच्या नावाच्या मण्यांच्या माळा) घातलेल्या, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली) किंवा हातात चौंडके हे तंतुवाद्य असलेल्या, देवीला वाहिलेल्या जोगतिणी आणि जोगते तुम्हाला डोंगरावर भेटतील. त्यांच्याकडे कुतूहलाने बोट दाखवणे, त्यांच्या आयुष्याविषयी पहिल्याच भेटीत प्रश्न विचारणे किंवा न विचारता त्यांची छायाचित्रे काढणे हे अशोभनीय आहे.

बेळगाव शहरातील सणांपैकी बाहेरच्या माणसाने आवर्जून पाहावा असा कोणता?

गणेशोत्सवाचे नाव सगळे घेतात आणि ते योग्यच आहे. १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने येथे सार्वजनिक उत्सव सुरू झाल्याचे सांगितले जाते, आणि अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक कपिलेश्वर तलावावर पोहोचून संपेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. तरीही माझी पसंती दिवाळीच्या पाडव्याला आहे. त्या दिवशी गवळी समाजाची आणि इतर दूधवाली मंडळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. म्हशीला धुऊन, तेल लावून अशी काळीभोर चकाकवलेली असते की शिंगांना लावलेला रंग त्यावर अधिकच उठून दिसतो; गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, कपाळावर मोरपिसे. मालक पुढे दुचाकीवर किंवा पायी धावत हाक देतो आणि म्हैस मोकाट रस्त्याने त्याच्या आवाजामागे सुसाट पळत येते. बघ्यांनी दुकानाच्या पायरीवर किंवा कट्ट्यावर उभे राहावे, रस्त्याच्या कडेला नव्हे. याच दिवसांत गल्लीबोळांत मुलांनी मातीचे किल्ले केलेले असतात. ते पाहायला पैसे लागत नाहीत आणि किल्लेदार स्वतः माहिती सांगतो.

होळीचेही एक वेगळेपण आहे. शहराच्या मूळ भागात धुळवडीला रंग खेळतात, तर पूर्वी सांगली संस्थानात असलेल्या शहापूर भागात रंगपंचमीला. रंगाच्या दिवशी पांगुळ गल्लीतील अश्वत्थामा मंदिरासमोर ओल्या रस्त्यावर लोटांगणे घातली जातात. नवरात्रात पहाटे निघणारी दुर्गामाता दौडही पाहण्यासारखी आहे, मात्र त्यासाठी सूर्योदयापूर्वी उठावे लागते.

रस्त्याकाठी काय खावे? महामार्गावरचे ढाबे बरे की गावातली दुकाने?

कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि रुंद रस्त्यामुळे बहुतेक लोक मध्ये न थांबता निघून जातात किंवा मोठ्या वाहनतळाच्या हॉटेलात थांबतात. तेथे मिळणारे जेवण वाईट नसते, पण ते सातारा किंवा हुबळीजवळही तसेच मिळाले असते. त्याऐवजी निपाणी किंवा संकेश्वरला महामार्ग सोडून गावात शिरावे. सकाळी इडली, वडा, लोणी डोसा, उप्पीट आणि मिसळ ही एकाच दुकानात शेजारी शेजारी मिळतात, आणि मिसळीबरोबर इडली मागितली तरी कोणी भुवया उंचावत नाही. दुपारी चारनंतर भजीचे गाडे लागतात. लांब पोपटी मिरचीची भजी येथे पोट चिरून, आत मीठ-ओवा किंवा चिंचेचा कोळ लावून तळतात आणि कांदा, कोथिंबीर घातलेल्या चुरमुऱ्यांबरोबर देतात. भजी तळून ठेवलेल्या ढिगातून घेऊ नये. कढईत घाणा पडेपर्यंत दोन मिनिटे थांबावे.

गोव्याकडे जाणाऱ्यांनी जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता धरल्यास पावसाळ्यात धुके, चहा आणि गरम भजी यांखेरीज फारसे काही मिळत नाही. पण मलप्रभा नदी जेथे उगम पावते त्या कणकुंबीला माउलीच्या देवळात क्षणभर थांबता येते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाच्या सुरुवातीला रानातली अळंबी विकायला बसलेल्या बायका दिसतात. ती विकत घेऊन ओळखीच्या घरी शिजवून घ्यावी. स्वतः रानात जाऊन गोळा करू नये, कारण विषारी आणि खाण्याची अळंबी यांतला फरक नवख्याला कळत नाही.

गोकाकचा धबधबा पाहायला जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. तेथे घटप्रभा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते आणि कडेला भाजलेली मक्याची कणसे मिळतात. ती खावीत, मात्र कठड्याबाहेर जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा.

खानावळीत जेवायचे असेल तर काय अपेक्षा ठेवावी?

लिंगायत खानावळ हा या भागाचा सर्वांत भरवशाचा जेवणप्रकार आहे आणि शाकाहारी प्रवाशाने दुसरे काही शोधूच नये. बाहेरून पाहिल्यास साधा फळा, आत चार-सहा टेबले. दुपारी एकच्या सुमारास स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा एकसारखा ठेका ऐकू येत असतो. ताटात ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, घट्ट दही, चिरलेला कांदा, काकडी आणि मेथीची कच्ची जुडी येते. चटणीत दही कालवून भाकरीला लावणे ही येथील रीत आहे. भाकरी तव्यावरून थेट येते, त्यामुळे पहिली संपण्याआधी दुसरी टाकली जाते; नको असेल तर ताटावर हात धरावा, नुसते मानेने नाही म्हटल्यास ते आग्रहाला निमंत्रण समजले जाते. शेवटी भात, सार आणि ताक. दीडनंतर गेल्यास वांगी संपलेली असतात.

मांसाहारी जेवण कोणत्या दिवशी मिळते?

हॉटेलांत रोज मिळते. परंतु चांगले मटण बुधवार, शुक्रवार आणि रविवारी, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक अधिक आणि माल ताजा असतो. सोमवारी, शनिवारी, एकादशीला आणि श्रावणात अनेक घरांतून व काही खानावळींतून मांसाहार वर्ज्य असतो. चिकोडी, निपाणी भागात जैन वस्ती मोठी असल्याने कोणाच्या घरी उतरणार असाल तर बाहेरून बांधून आणलेले खाणे आत नेण्यापूर्वी विचारावे. देवळाच्या परिसरात पशुबळीला १९५९ च्या कायद्याने मनाई आहे. यात्रेतली मटणाची जेवणे घरी किंवा शेतात होतात.

कुंदा, मांडे आणि करदंट यांपैकी घरी काय न्यावे?

तिन्ही न्यावेत, पण ते वेगवेगळ्या मुदतीचे आहेत हे लक्षात ठेवावे.

कुंदा हा दूध आटवून, साखर घालून तांबूस रंगावर येईपर्यंत परतलेला रवाळ पदार्थ आहे. एका मारवाडी मिठाईवाल्याच्या चुलीवर दूध जास्त वेळ राहिले आणि त्यातून तो जन्माला आला, अशी कथा शहरात सर्वत्र सांगितली जाते. दुधाचा असल्याने तो लवकर खाऊन टाकावा आणि उन्हाळ्याच्या प्रवासात गाडीच्या मागच्या काचेशी ठेवू नये. बेळगावात तो पुष्कळ ठिकाणी मिळतो; फिकट आणि पेढ्यासारखा कोरडा दिसत असेल तर पुढच्या दुकानात जावे.

मांडे पाहण्यातच अर्धी मजा आहे. मैदा-रव्याचे खूप मळलेले, सैल, तेलाने माखलेले पीठ घेऊन त्यात पिठीसाखर, खसखस आणि वेलदोड्याचे सारण भरतात. मग तो गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवतात. पीठ इतके पातळ होते की पलीकडच्या माणसाच्या हातातल्या बांगड्या दिसाव्यात. एका झटक्यात ते तापलेल्या पालथ्या भांड्यावर पडते, क्षणात फुगते, आणि ओले असतानाच त्याची चौकोनी घडी घालतात, कारण निवल्यावर मांडा काचेसारखा तुटतो. लग्नात रुखवतात आणि व्याह्यांकडे पाठवायला मांडे लागतातच. घरी गेल्यावर कोमट दुधात मोडून खावेत. प्रवासात ते बॅगेत नव्हे, मांडीवर ठेवून न्यावे लागतात.

करदंट गोकाकचा. तळलेला डिंक, सुके खोबरे, काजू, बदाम, खारीक गुळाच्या पाकात घालून थापलेला. तो आठवडे टिकतो, त्यामुळे लांबच्या प्रवासाला आणि बाळंतिणीला देण्यासाठी उत्तम.

गुऱ्हाळावर आणि हुरड्याला आगंतुक जाता येते का?

गुऱ्हाळावर निश्चित जाता येते. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक भागात ऊस मुबलक असून दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू होतात. रस्त्यावरून जाताना चिपाडांच्या धुराचा गोड करपट वास आला की गाडी बाजूला घ्यावी. काहील उतरवण्याच्या सुमारास पोहोचल्यास रस उकळून त्याचे लहान बुडबुडे मोठे आणि जड होत जाताना दिसतात. गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का ते पाहतो, त्यावरून काहील उतरवायची वेळ ठरते. त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्याशी बोलू नये. नंतर तो स्वतःच उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून हातात देईल. काकवीसाठी झाकणाची बाटली आपलीच न्यावी. रस, चाखायचा गूळ यांचे पैसे सहसा कोणी घेत नाही, म्हणून निघताना पाच-दहा किलोंची एखादी ढेप तरी विकत घ्यावी, हे बरे.

हुरड्याचे तसे नाही. तो शेतकऱ्याच्या घरचा कार्यक्रम असतो आणि ओळखीनेच होतो. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे पाहुणे असतील तर डिसेंबर-जानेवारीत फोन करून ठेवावा.

संकेश्वरी मिरची खरेदी करायची झाल्यास?

मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वर्षाची चटणी करण्याच्या दिवसांत. संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, असे प्रमाण घरोघरी ठरलेले असते. मिरची मुठीत दाबून पाहावी. ती खुळखुळ वाजली पाहिजे. दमट मिरची वजनाला महाग पडते आणि पुढे बुरशी धरते.

कानडी येत नाही. अडचण येईल का?

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी येथे मराठीवर पूर्ण निभावते. चिकोडी, हुक्केरीत बहुतेकांना दोन्ही भाषा येतात. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे कानडीच चालते. तेथे "ऊट" म्हणजे जेवण, "नीरु" म्हणजे पाणी, "एष्टु" म्हणजे किती आणि "साकु" म्हणजे पुरे, एवढ्या चार शब्दांवर खानावळ पार पडते. वडीलधाऱ्या पुरुषाला अण्णा किंवा काका आणि बाईला अक्का किंवा मावशी म्हणावे. अण्णा आणि अक्का दोन्ही भाषांत चालतात. बसच्या पाट्या कानडीत असतात, म्हणून चढण्यापूर्वी वाहकाला गावाचे नाव विचारून घ्यावे.

सीमाप्रश्नामुळे प्रवासात काही अडथळा येतो का?

रोजच्या व्यवहारात नाही. मराठी गिऱ्हाईक कानडी खानावळीत आणि कानडी गिऱ्हाईक मराठी गाड्यावर रोज जेवते. मात्र १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी संघटना काळा दिन पाळतात. त्या दिवशी शहराच्या मध्यभागात खाद्यभ्रमंतीचा बेत ठेवू नये. तणाव झाल्यास सर्वांत आधी दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात, त्यामुळे अशा दिवसांत रेल्वेने यावे. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये असते तेव्हा, बहुधा डिसेंबरात, हॉटेलांच्या खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग असतात.

हिवाळ्यात गावोगावी मराठी साहित्य संमेलने होतात असे ऐकले. तेथे प्रवाशाने जावे का?

अवश्य. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी यांसारखी गावे स्वतःच्या बळावर संमेलन भरवतात. सकाळी लेझीम आणि टाळमृदंगासह ग्रंथदिंडी निघते, दारोदारी रांगोळ्या असतात, आणि दुपारी मांडवात सर्वांना जेवण असते. शेतकरी, शिक्षक, गृहिणी असे सगळे शेवटच्या कविसंमेलनापर्यंत बसून राहतात. जेवणापुरते येऊन निघून जाणारे पाहुणे आयोजकांच्या लक्षात राहतात, एवढे ध्यानात असू द्यावे. कुस्तीची आवड असेल तर येळ्ळूरला चांगळेश्वरी यात्रेच्या वेळीही यावे. तेथील मैदानात दोन्ही राज्यांचे मल्ल उतरतात.

पोट बिघडू नये म्हणून काय करावे?

डोळ्यांसमोर तळलेले किंवा भाजलेले खावे, यात्रेतील बर्फ घातलेली सरबते आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत, पाणी आपले बरोबर ठेवावे. येथील रस्सा आणि चटण्या पुण्या-मुंबईच्या जिभेला तिखट लागतात. ताक मागून घ्यावे, ते सर्वत्र मिळते.

भंडाऱ्याचे आणि छायाचित्रांचे काय?

हळदीचा भंडारा कपड्यांतून सहज जात नाही, म्हणून जुने कपडे घालावेत, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि दमा असणाऱ्यांनी उधळणीच्या मध्यभागी जाऊ नये. कपाळाला कोणी भंडारा लावायला आले तर मागे सरू नये. गाभाऱ्यात आणि अंगात आलेल्या व्यक्तीसमोर मोबाइल धरू नये.

बसने फिरणे सोयीचे आहे का, आणि रोख रक्कम लागते का?

मोठ्या गावांदरम्यान बस भरपूर आहेत. कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये ११ जून २०२३ पासून महिलांना मोफत प्रवास आहे, परंतु तो कर्नाटकातील रहिवाशांसाठीच. महाराष्ट्रातून आलेल्या महिलांना तिकीट काढावे लागते. या सवलतीमुळे यात्रेच्या दिवसांत आणि मंगळवारी-शुक्रवारी सौंदत्तीच्या गाड्यांना उभे राहायलाही जागा नसते. मोबाइलवरून पैसे बहुतेक गाड्यांवर घेतात. मात्र यात्रेच्या गर्दीत नेटवर्क जाते, तेव्हा दहा-वीसच्या नोटा खिशात असाव्यात.

परतीच्या वाटेवर गोव्याहून दारूच्या बाटल्या आणता येतात का?

गोव्यातील स्वस्त मद्य कर्नाटकात आणणे हा अबकारी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि चोर्ला मार्गावर कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. काजू आणि कोकम आणावे. त्यांना कोणी अडवत नाही.